मूळ गाव सातारा, मुक्काम राजाजीनगर

बेंगळूरच्या राजाजीनगरातल्या व्यंकोजी लाड यांची पत्नी परदेशी होती, आणि स्वतःच्या नवऱ्याच्या घरात आणखी एक वर्ष राहण्यासाठी तिला दर वर्षी सरकारची परवानगी घ्यावी लागे. यात व्यंकोजींना काही वावगं वाटत नसे. ते स्वतः एका सरकारी खात्यात हेडक्लार्क होते आणि परवानगीशिवाय सुरळीत चाललेल्या गोष्टींबद्दल त्यांच्या मनात एकूणच संशय असे.

पत्नीचं नाव कर्स्टन. डेन्मार्कहून ती १९८९ साली बेंगळूरच्या एका संशोधन संस्थेत कामाला आली आणि लाडांची सून होऊन राहिली. सासूबाईंच्या, म्हणजे सत्यवतीबाईंच्या, जिभेला ते नाव वळेना. त्यांनी तिची कस्तुरी केली. मराठी ती सासूकडूनच शिकली. त्यामुळे ती नवऱ्याला अहो म्हणे, कुकरची शिट्टी झाली की जरा थांबा म्हणायच्या जागी कानडी वळणाने 'स्वल्प थांबा' म्हणे, आणि रागावली की सासूसारखीच गप्प बसे.

१९९४ साली नेहमीप्रमाणे हवालदार चौकशीला आला. पती-पत्नी एकत्र नांदतात ना, एवढंच त्याला बघायचं होतं. घराला कुलूप होतं, म्हणून त्याने शेजारच्या आप्पाजींना विचारलं. आप्पाजी खोटं न बोलणारे गृहस्थ. त्यांनी सांगितलं की कर्स्टन नावाची कोणी बाई इथे राहत नाही. लाडांच्या बायकोचं नाव कस्तुरी, आणि दोघांचं छान चाललं आहे. त्यावरून अहवाल गेला तो असा: 'सदर परदेशी पत्नी पत्त्यावर आढळून आली नाही. पती कस्तुरी नामक अन्य स्त्रीसमवेत सुखाने नांदत आहे.'

परदेशी माणसांची नोंद ठेवणाऱ्या कचेरीतले अधिकारी सत्यनारायण यांनी दोघांना बोलावून घेतलं. माणूस भला होता. कस्तुरीला पाहताच काय घोटाळा झाला ते त्यांच्या ध्यानात आलं. पण ध्यानात येणं वेगळं आणि तशी नोंद असणं वेगळं. त्यांनी समजावून सांगितलं की मॅडमची काहीच अडचण नाही, त्यांचा पासपोर्ट दोन देशांनी तपासलेला आहे. अडचण यजमानांची आहे. त्यांना अजून कोणीच तपासलेलं नाही. तेव्हा त्यांच्या मूळ गावी चौकशी होईल.

मूळ गावाच्या रकान्यात व्यंकोजींनी दर वर्षी स्वतःच्या हाताने 'सातारा' लिहिलेलं होतं. त्यांचे वडील तेच लिहीत, आजोबाही. साडेतीनशे वर्षांपूर्वी शहाजीराजांच्या फौजेबरोबर लाड इकडे आले, आणि तेव्हापासून त्यांच्यापैकी कोणी साताऱ्याला गेलं नव्हतं. भांडण वगैरे काही नाही. तसा प्रसंगच आला नाही.

चौकशीचा कागद साताऱ्याला गेला आणि यथावकाश उत्तर आलं की या नावाची व्यक्ती अथवा कुटुंब येथे कोणाच्याही माहितीत नाही. आता व्यंकोजी हे कुठलेच नाहीत असं झालं. जो कुठलाच नाही तो भारतीय आहे असं कोण म्हणणार? आणि तो भारतीय नसेल, तर भारतीयाची पत्नी म्हणून कस्तुरीला राहू कसं देणार? महिन्याभरात खुलासा झाला नाही तर तिला देश सोडावा लागेल, असं सत्यनारायण म्हणाले. त्यांना मनापासून वाईट वाटलं. त्यांनी दोघांसाठी कॉफी मागवली.

त्या रात्री सत्यवतीबाईंनी सुनेच्या ताटात न मागता दोनदा तूप वाढलं. व्यंकोजींनी रजा काढली आणि ते लाडांच्या वतीने साडेतीनशे वर्षांनी साताऱ्याला गेले.

स्टँडवर उतरून त्यांनी मराठीत रस्ता विचारला. लोकांनी हिंदीत सांगितला. कचेरीतल्या कारकुनाने त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि कौतुकाने म्हणाला, "मराठी चांगलं बोलता की तुम्ही. किती दिवस लागले शिकायला?"

व्यंकोजींनी आपण इथलेच असल्याचं सांगितलं. तालुका कोणता, गाव कोणतं, हे त्यांना सांगता येईना. कारकुनाने मग सहानुभूतीने मार्ग सुचवला: तुम्ही साताऱ्याचे आहात असा दाखला बेंगळूरहून आणा, म्हणजे त्याच्या आधारे आम्ही इथून देऊ. एक हेडक्लार्क म्हणून व्यंकोजींना यात चूक काढता येईना. ते स्टँडवर येऊन बसले. समोर अजिंक्यतारा दिसत होता. घरी त्याचं चित्र दिवाणखान्यात होतं, आणि लहानपणापासून त्या चित्रासमोर त्यांची छाती भरून येई. आता मात्र त्यांना फक्त घरी जावंसं वाटत होतं.

परतल्यावर दोघे पुन्हा सत्यनारायणांपुढे बसले. ते म्हणाले की यावर उपाय अगदी सोपा आहे. मूळ गाव बेंगळूर असं लिहून द्या. मग चौकशी आमच्याच पोलीस ठाण्यात, आणि तिथे तुम्हाला सगळे ओळखतात. शिवाय दर वर्षीची ही कटकट कायमची संपवायची असेल, तर मॅडम भारतीय होऊ शकतात. फक्त डेन्मार्क सोडावा लागेल. एका माणसाला दोन देश चालत नाहीत.

पहिला उपाय व्यंकोजींना ऐकूच आला नाही. ते बायकोकडे वळले आणि बोलू लागले. माणूस जिथे खातो-पितो तिथला असतो. मागे सोडून आलेल्या गावाला कवटाळून काय मिळतं? तिथे आता आपल्याला ओळखतं तरी कोण? ते इतकं सुंदर बोलले की सत्यनारायणांनी कप खाली ठेवला.

कस्तुरीने सगळं ऐकून घेतलं. मग टेबलावरचं पेन उचलून तिने नवऱ्यापुढे धरलं.

"सरी, ठीक आहे," ती म्हणाली. "मी पाच वर्षांपूर्वी मागे टाकलेलं गाव सोडते. पहिल्यांदा तुम्ही साडेतीनशे वर्षांपूर्वीचं सोडा."

व्यंकोजींना बायको हवी होती. साताराही हवा होता. शेवटी त्यांनी 'बेंगळूर' असं लिहिलं, पण इतक्या बारीक अक्षरात की सत्यनारायणांना ते चष्मा लावून मोठ्याने वाचावं लागलं. कस्तुरीला एक वर्ष मिळालं. डेन्मार्कचा विषय मग कोणी काढला नाही. सत्यवतीबाई मात्र मुलाशी आठवडाभर बोलल्या नाहीत, सुनेला म्हणाल्या, "तू आहेस म्हणून बरं."

पुढच्या महिन्यात बेंगळुरातच, बसवनगुडीत एक लग्न होतं. पुण्याहून कॉम्प्युटरच्या नोकरीवर नव्याने आलेले एक गृहस्थ पंगतीत समोर बसले होते. मराठी माणसं भेटल्याचा त्यांना फार आनंद झाला आणि त्यांनी विचारलं, तुमचं मूळ गाव कोणतं. व्यंकोजींनी तोंड उघडलं, इकडेतिकडे पाहिलं आणि मिटलं.

"आमचं सातारा," कस्तुरी पदर सावरत म्हणाली.

"वाटलंच मला. बोलण्यात तो ठसका आहे," गृहस्थ म्हणाले, आणि व्यंकोजींकडे वळून त्यांनी अदबीने हिंदीत विचारलं, "आप यहीं के हैं?"

कागदोपत्री ते खरं होतं. व्यंकोजींनी मान डोलावली.

मग गृहस्थ स्वतःच्या मूळ गावाबद्दल सांगू लागले. तिथली देवी, नदीचा घाट, परसातला फणस. ते इतक्या जिव्हाळ्याने सांगत होते की तुम्ही तिथे शेवटचे केव्हा गेला होतात, हे विचारायचं पंगतीत कोणाला सुचलं नाही.

तुमच्या मूळ गावाबद्दल तुम्हालाही अजून कोणी ते विचारलेलं नाही.