संगप्पांची एक्झिक्युटरकी

कुठल्याही कचेरीत जायचं असलं की संगप्पा घरून स्वतःचं बसायला घेऊन जात. सुंभाने विणलेलं, जेमतेम वीतभर उंचीचं एक स्टूल होतं. त्याला ते ‘बैठक’ म्हणत. सायकलच्या हँडलला ती बैठक लटकावलेली दिसली, की आज लातुरातल्या कुठल्या तरी साहेबाचं काही खरं नाही हे आमची गल्ली ओळखायची.

“सरकारी बाकड्यावर बसलं की मानूस अर्जदार व्हतंय, मास्तर,” ते मला सांगत. “आपल्या बैठकीवर बसलं की पाव्हना. पाव्हन्याला हाकलता येत न्हाई.”

मी त्यांच्या समोरच्या घरात राहायचो आणि शाळेत शिकवायचो. म्हणजे सुट्टीत रिकामा असायचो, आणि रिकामा माणूस संगप्पांच्या नजरेतून सुटत नसे. त्यांचं दोरांचं दुकान होतं. बैलांच्या वेसणी, कासरे, दावी, विहिरीचे दोर. कपाळावर भस्माचे पट्टे, अंगात बंडी आणि तोंडात एकच वाक्य, “घाई न्हाई. पन सोडनार बी न्हाई.”

एकदा न्हाव्याच्या हातून त्यांच्या मिशीची डावी बाजू जास्त कापली गेली. संगप्पा चिडले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून बैठक घेऊन त्याच्या दुकानात, येणाऱ्या गिऱ्हाइकाकडे तोंड करून बसायला लागले. मिशी सारखी होईपर्यंत बसले. तेवढ्या काळात त्या न्हाव्याकडे दाढीला बसायची कुणाची छाती झाली नाही.

त्यांच्या दुकानाला लागूनच धाकट्या भावाचं, मल्लप्पाचं दुकान. तेही दोरांचंच. वडील होते तोवर दुकान एकच होतं. ते गेल्यावर दोर वजनावर विकायचा की हातावर मोजून, यावरून दोघांत जुंपली. संगप्पा म्हणाले वजन, मल्लप्पा म्हणाला हात. मधे भिंत घातली गेली आणि बोलणं बंद झालं. अगदीच नड पडली तर गिऱ्हाइकाच्या मार्फत बोलायचे. “बाजूच्याला सांगा, तुमचा पत्रा आमच्याकडं गळायलाय.”

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. जिकडे तिकडे नव्या पाट्या रंगवल्या जात होत्या, आणि पाऊस मात्र जुन्या जिल्ह्याबरोबरच मागे राहिला होता. अशा कोरड्या उन्हाळ्यात मल्लप्पा गेला. वकिलाने मृत्युपत्र वाचलं. सगळं बायकोला, आणि व्यवहार बघायला एक्झिक्युटर म्हणून थोरला भाऊ संगप्पा, ‘कारण त्याच्याइतका हेकट मनुष्य माझ्या पाहण्यात नाही.’

“बगा मास्तर! जित्तेपनी बोलला न्हाई, आन मेल्यावर काम सांगून गेला!” संगप्पा ओरडले. मग जरा वेळाने हळूच म्हणाले, “एक्झिकूटरला काय काय करावं लागतंय, इचारा की वकिलाला.”

करायचं होतं ते हे. मल्लप्पाला मूलबाळ नव्हतं. त्याच्या बायकोला, गिरिजाबाईंना, दुकान स्वतः चालवायचं होतं. विहिरी इतक्या खोल गेल्या होत्या की घरोघरचे दोर अपुरे पडत होते, लांब दोराला मरणाची मागणी होती. पण दुकानात माल नव्हता आणि पैसा मल्लप्पाच्या जिल्हा बँकेतल्या खात्यात अडकलेला. जागामालकाने बजावलं होतं की अक्षय्य तृतीयेला दुकान उघडलं नाही, तर जागा दुसऱ्याला देईन. आणि खात्याचा उतारा मिळाल्याशिवाय बँक पैशाला हात लावू देत नव्हती.

संगप्पांनी आपला माल देऊ केला. गिरिजाबाईंनी नाकारला. तोही माझ्या मार्फत, कारण त्यांच्यात थोरल्या दिराशी बोलायची पद्धत नाही. दोघं एकाच ओसरीवर, मधे मी.

“मास्तर, थोरल्यांना म्हनावं, त्यांचा दोर वजनावर घेतलेला हाय. आमच्या दुकानात हातावर इकतेत.”

“मास्तर, तिला सांगा, मेलेला परवडला पन ही न्हाई. उतारा आनतो म्हनावं.”

बँकेतला कारकून म्हणाला, जिल्हा फुटला तेव्हा कागदांची वाटणी झाली, तुमचं खातं जुन्या जिल्ह्यात असेल, उस्मानाबादला जा. बैठक एसटीच्या टपावर टाकून आम्ही उस्मानाबादला गेलो. तिथे म्हणाले, केव्हाच लातूरला पाठवलं. आम्ही परत आलो. कारकून म्हणाला, पोचलं नाही.

“तिथून निघालंय, हितं पोचलं न्हाई. म्हंजी वाटंत हाय,” संगप्पा म्हणाले. “मी मधल्या मुरुडाच्या स्टँडावर बसतो. दिसलं की धरून आनतो.”

कारकून हसला. संगप्पा हसले नाहीत. त्यांनी बँकेतच बैठक मांडली.

रोज बँक उघडताना ते हजर. “शरनार्थ साहेब,” म्हणून मॅनेजरला हात जोडायचे आणि बसायचे. एकदा मॅनेजर वैतागून म्हणाला, “अहो अप्पा, निदान खुर्चीवर तरी बसा.” संगप्पा म्हणाले, “नगं. हितून बरं दिसतंय.”

आणि खरंच दिसलं. इतक्या खाली बसल्यामुळे कोपऱ्यातल्या पाण्याच्या पिंपाखालचं फक्त त्यांनाच दिसत होतं. पिंप ठेवायला तिवई नव्हती म्हणून कुणीतरी गोणपाटात बांधलेले गठ्ठे खाली सरकवले होते. गोणपाटावर काळ्या शाईत लिहिलेलं होतं, ‘उस्मानाबाद’.

“उतरवा पिंप,” संगप्पा उठून म्हणाले.

सगळी बँक हादरली. टँकर आदल्या दिवशी येऊन गेला होता, पिंप काठोकाठ भरलेलं, ओतून ठेवायला दुसरं भांडं नाही. हलवताना सांडलं तर पुढचा टँकर येईस्तोवर घसा कोरडा. मॅनेजर म्हणाला, “रिकामं झालं की बघू.”

“घाई न्हाई,” संगप्पा म्हणाले आणि बैठक पिंपाजवळ नेली. मग जे गिऱ्हाईक आत येईल त्याच्या हातात पेला. “या पावनं, उनाचं आलाव, आधी पानी घ्या. आनखी घ्या. मालकीनबाई, लेकराला बी पाजा.” बाहेरच्या टांगेवाल्याला बोलावून पाजलं. मलाही इतकं पाजलं की मला बसवेना. दुष्काळात फुकट गार पाणी मिळतंय म्हटल्यावर दारात रांग लागली. कारकून डोळे वटारत होता, पण तहानलेल्याला नको म्हणायची त्याचीही जीभ रेटेना. बँक बंद व्हायच्या आत पिंपाचा तळ दिसला.

तिसऱ्या गठ्ठ्यात मल्लप्पाचं खातं निघालं. मॅनेजरने शिक्का मारून उतारा दिला, आणि निघताना संगप्पांना उठून नमस्कार केला. तो भीतीपोटी होता की आदरापोटी, मला सांगता येणार नाही.

पैसे सुटले, माल आला. त्या संध्याकाळी ओसरीवर सगळे कागद गिरिजाबाईंच्या हवाली झाले. संगप्पांचं काम संपलं होतं, तरी ते उठेनात. भिंतीकडे बघत म्हणाले, “मास्तर, तिला इचारा. त्यो माझ्याबद्दल कदी काय म्हनायचा का?”

गिरिजाबाईंनी हातातले कागद खाली ठेवले. मग म्हणाल्या, “मास्तर, त्यांना म्हनावं, नाव काढलं न्हाई कदी. पन सकाळी दुकानाला गेलं की बोळीत किल्ली धरून हुबं ऱ्हायचे. थोरल्यांचं कुलूप वाजल्याबिगर आपलं काढायचे न्हाईत.”

संगप्पांनी बंडीच्या टोकाने तोंड पुसलं. “आन मी समोरच्या पानपट्टीच्या टपरीआड,” ते म्हणाले, “त्याचं वाजायची वाट बगत.”

“मग आधी उघडायचं कोण?” मी विचारलं.

“ज्येला दम निगंना, त्यो.”



अक्षय्य तृतीयेच्या सकाळी मी मुद्दाम तिकडून गेलो. गिरिजाबाई आपल्या दारापुढे किल्ली घेऊन उभ्या होत्या, उघडत नव्हत्या. संगप्पांचंही दुकान बंद. ते पानपट्टीच्या आडाला होते. ऊन चढायला लागलं. दोर घ्यायला आलेल्या दोन बाया ताटकळून एकमेकींकडे बघत होत्या. मी आपला निरोप न्यायला पुढे झालो, तर गिरिजाबाईंनी मला हातानेच थांबवलं. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि पानपट्टीकडे तोंड करून मोठ्याने म्हणाल्या,

“भावजी, उघडा की आता.”

पानपट्टीच्या आडून संगप्पांचा आवाज आला, नेहमीपेक्षा पुष्कळ बारीक.

“आधी तू उघड, गिरिजा. मला ऐकू दे.”