उलट्या हाताचे गायधनी

भास्कर गायधनी कोणत्याही वस्तूला आधी उलटा हात लावतात. सोसायटीचे लोखंडी फाटक, नळ, दाराची मूठ, भाजीची हातगाडी. एकदा तर नुकती आणलेली गणपतीची मूर्तीही. बोटांची मागची बाजू क्षणभर टेकवायची, काही होत नाही याची खात्री करायची आणि मगच वस्तू धरायची. कारण विचारले की ते सांगतात. न विचारले तरी सांगतात.

"तळहात लावला आणि करंट असला, तर मूठ आवळते. मग सुटत नाय. उलटा हात असला तर झटका बसून हात बाजूला फेकला जातो. जिवंत आणि मेलेल्या माणसात एवढाच फरक हाय."

या नियमामुळे ते कोणाशी हातही मिळवत नाहीत. माणूससुद्धा कुठेतरी टेकलेलाच असतो, त्याचा काय भरवसा, असे त्यांचे म्हणणे.

गायधनी मूळचे पळशाचे. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात त्यांनी चौतीस वर्षे काढली, त्यातली बहुतेक कंट्रोल रूममध्ये. दर तासाला काट्यांवरचे आकडे तक्त्यात उतरवायचे आणि खाली सही करायची, हे काम. निवृत्त होऊन सात वर्षे झाली. जेलरोडच्या आमच्या चार मजली इमारतीत मी आणि माझी बायको वंदना तिसऱ्या मजल्यावर राहतो. ते बरोबर आमच्या खाली, दुसऱ्यावर. त्यांच्या पत्नी तीन वर्षांपूर्वी वारल्या. मुलगी नागपूरला असते. घरात ते एकटेच.

त्यांना कशाची भीती वाटते, यापेक्षा कशाची वाटत नाही हे सांगणे सोपे आहे. पावसाची वाटत नाही. बाकी सगळ्याची वाटते. कुकरची पहिली शिट्टी झाली की ते स्वयंपाकघरातून बाहेर येतात आणि तिसरी होईपर्यंत जिन्यात थांबतात. लिफ्टमध्ये अजून पाऊल ठेवलेले नाही. दाराला आतून वरची कडी, खालची कडी आणि साखळी. बेल वाजवली की आतून हे तीन आवाज क्रमाने येतात, मग दार चार बोटे उघडते. तळमजल्यावरच्या शेख भाभी दर ईदला वाटी घेऊन वर जातात. "काका, तुमच्या तीन कड्या निघेपर्यंत माझा शिरखुर्मा गार होतो," असे त्या दरवर्षी म्हणतात. काका दरवर्षी वाटीला आधी उलटा हात लावतात.

त्यांचे एक वाक्य मात्र इमारतीत सगळ्यांना पाठ आहे. "रिलिव्हर आल्याशिवाय खुर्ची सोडायची नाय." कंट्रोल रूममध्ये पाळी संपली म्हणून उठून जाता येत नसे. पुढच्या पाळीचा माणूस यायचा, आकडे बघायचा, रजिस्टरमध्ये चार्ज घेतल्याची सही करायचा, मग आधीचा सुटायचा. या येणाऱ्या माणसाला ते रिलिव्हर म्हणतात. दारणेला पूर येऊन रस्ता बंद झाला होता, तेव्हा गायधनी सोळा तास खुर्चीत होते. हे सांगताना त्यांचा आवाज कधी नव्हे इतका निर्भय होतो.

मी शहरातल्या एका दैनिकात जिल्ह्याचे पान पाहतो. मी उपसंपादक आहे, हे त्यांना वर्षभर सांगितले. ते मला "संपादक"च म्हणतात. रोज सकाळी आठला ते अंक घेऊन वर येत. फक्त अपघाताच्या बातम्या वाचलेल्या असत, लाल पेन्सिलीने खुणा केलेल्या असत.

"संपादक, सिलिंडरचा स्फोट झाला असं लिहिलंय. रेग्युलेटर कुठल्या स्थितीत होता?"

"ते पोलिसांनी दिलेलं नाही."

"मग माणसाने घाबरायचं कशाला, हे कसं कळणार?"

गेल्या डिसेंबरात एका दिवशी अशा दोन खुणा होत्या. एक, गीझर फुटून न्हाणीघराचे छत उडाले. दुसरी दोन ओळींची होती. मागच्या गल्लीत एकटे राहणारे निवृत्त शिक्षक घरात मृतावस्थेत आढळले, दुसऱ्या दिवशी दूधवाल्याच्या लक्षात आल्यावर दार उघडण्यात आले. गीझरबद्दल गायधनींनी सात प्रश्न विचारले. दुसऱ्या बातमीबद्दल एकच.

"दूधवाल्याला दुसऱ्या दिवशी कळलं. पहिल्या दिवशी का नाय?"

बातमीत तेवढीच जागा होती, असे मी सांगितले. त्यांनी मान हलवली आणि गेले.

पुढच्या आठवड्यात ते काडेपेटीएवढे एक पांढरे यंत्र घेऊन आले. त्यातून एक तार निघाली होती, तिच्या टोकाला धातूची बारीक कांडी. हा डेटा लॉगर, ते म्हणाले. कांडी गीझरच्या गरम पाण्याच्या नळीला बांधायची. दर पाच मिनिटांनी तापमान नोंदवले जाते आणि ठरवलेली मर्यादा ओलांडली की वायफायवरून फोनवर इशारा येतो. त्यासाठी आमचे वायफाय हवे होते.

"तुमच्याकडे घेऊन टाका की काका एक कनेक्शन," वंदना म्हणाली.

"धोक्याची खबर धोक्याच्या घरातून पाठवायची नसते, वंदनाताई. गीझर म्हणजे छोटा बॉयलर. तो गेला तर माझा राउटर पण जाणार. तुमचा वर हाय."

"आणि वर आम्ही पण आहोत."

"म्हणूनच तर."

जोडणीला एक सकाळ गेली. बटण दाबून धरले की निळा दिवा लुकलुकतो, मग फोनवर नेटवर्कची यादी येते, त्यातून आपले निवडायचे, पासवर्ड द्यायचा. यादीत आमचे नाव येईना. चाळीस मिनिटांनी उलगडा झाला. आमचा राउटर दोन नावांनी चालतो, एक वेगवान आणि एक साधे, आणि लॉगरला साधेच कळते. ते मी बंद करून ठेवले होते. ते सुरू केल्यावर पासवर्डाचा प्रश्न आला. वंदनाचे नाव आणि जन्मसाल. गायधनींचा चेहरा पडला. "हा तर दूधवाल्याला पण माहीत असेल." त्यांनी चौदा अक्षरांचा नवा पासवर्ड कागदावर लिहून दिला आणि पाठ झाल्यावर कागद परत घेतला.

मग सिग्नल मिळेना. मध्ये स्लॅब, फरशी आणि गीझरची पत्र्याची टाकी. गायधनी लॉगर दोन्ही हातांत निरांजनासारखा धरून बाथरूम ते जिना अशा फेऱ्या मारत होते आणि खालून ओरडत होते, "एक काडी! दोन! परत एक!" शेवटी आमचा राउटर आमच्याच बाथरूमच्या माळ्यावर ठेवला, तेव्हा खाली तीन काड्या आल्या आणि निळा दिवा स्थिर झाला.

"आता आंघोळीलाही पासवर्ड लागणार का?" वंदनाने विचारले. 

इशारा कोणाच्या फोनवर जावा, हे शेवटी भरायचे होते. मी त्यांचा नंबर घालू लागलो. त्यांनी अडवले. "माझा कशाला? मी तर तिथंच असणार. तुमचा टाका." धोक्याच्या मर्यादा भरताना मात्र त्यांनी फोन छातीशी धरला, एटीएमवर पिन दाबताना लोक धरतात तसा. "तिकडं बघा, संपादक. हे माझं काम हाय." जाताना त्यांनी वंदनाकडे एक चिकटवलेले पाकीट दिले. इशारा आला तरच फोडायचे, असे सांगितले. तिने ते गॅसच्या पुस्तकाबरोबर खणात टाकले.

त्यानंतर एक बदल झाला, तो आम्ही नोंदवला नाही. सकाळी आठला अंक घेऊन येणे त्यांनी बंद केले.

जानेवारीतल्या एका गुरुवारी सकाळी सव्वासातला मी दात घासत असताना फोन वाजला. 'गीझर. मर्यादेबाहेर.' पुढे आकडाही होता. तो मी वाचला नाही.

बातमीदारीच्या पहिल्या आठवड्यात शिकवतात ते सगळे त्या क्षणी विसरलो. जिना उतरताना वाटेत त्यांचे दार होते. त्याला कान लावण्याऐवजी मी भिंतीपासून लांब राहून पुढे पळालो. तळमजल्यावर मीटरच्या खोलीत आठ मेन स्विच आहेत आणि चिठ्ठ्यांवरची नावे कधीच पुसली गेली आहेत. मी आठही पाडले. शेख भाभींचा मिक्सर मध्येच बंद पडला.

"काय झालं?" त्या पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आल्या.

"गायधनींचा गीझर."

"या अल्ला." त्यांनी सासूबाईंना शालीसकट अंगणात आणून उभे केले आणि वर बघू लागल्या. मीही बघू लागलो. दुसऱ्या मजल्याची खिडकी जागेवर होती. काही फुटले नाही. एक मिनिट गेले.

मग मी फोन पुन्हा पाहिला.

"सोळा," मी म्हणालो.

"सोळा म्हणजे किती गरम?" भाभींनी विचारले.

"गरम नाही. गार आहे."

सोळा अंशांनी काहीही फुटत नाही. मी इशाऱ्याच्या खालचे पान उघडले. कमाल मर्यादेचा रकाना रिकामा होता. गायधनींनी तिथे काहीच भरले नव्हते. भरला होता तो किमान मर्यादेचा रकाना. तपासणी रोज सकाळी सव्वासातला, त्या वेळेपर्यंत पाणी पस्तीस अंशांवर गेलेले नसेल तर इशारा.

गायधनी रोज साडेसहाला उठून गीझर लावतात. आज कोणी लावला नव्हता.

मघापर्यंतची भीती आवाजाची होती. आता इमारतीत कुठेच आवाज नव्हता. भाभींनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिले आणि पिठाचे हात ओढणीला पुसले. 

मी वर पोहोचलो तेव्हा वंदना त्यांच्या दारात उभी होती. बेल ती आधीच दाबून बसली होती. वीज मी पाडलेली, बेल वाजणार कशी, हे दोघांच्याही लक्षात आले नाही. तिच्या हातात फोडलेले पाकीट होते. आत एक किल्ली आणि तक्त्याच्या कागदावर गायधनींचे ठाशीव अक्षर.

'१. पळू नये. २. मेन पाडू नये, बेल लागणार आहे. ३. बेल दोनदा वाजवून तीन मिनिटे थांबावे. मला उठायला वेळ लागतो. ४. किल्लीने उघडावे. आतून कड्या नसतील. लॉगर बसवल्यापासून लावत नाही. ५. वंदनाताईंना आत आणू नये. ६. मी बाथरूममध्ये असलो तर ओल्या फरशीला आधी उलटा हात लावावा. मगच पाय. ७. मुलीला फोन आपण करावा. आधी पाणी प्यावे. नागपूरला अलार्म वाजून उपयोग नव्हता. खबर त्याला द्यावी, ज्याचे पाय पोहोचतात.'

तीन मिनिटे थांबलो नाही. किल्ली फिरवली. ते तीन आवाज आले नाहीत. दार सरळ उघडले.

गायधनी दाराकडे तोंड करून खुर्चीत बसले होते. स्वेटर, कानटोपी, मांडीवर रजिस्टर, हातात घड्याळ. शेजारी स्टुलावर थर्मास आणि तीन कप.

"सात सव्वीस," ते म्हणाले. "अकरा मिनिटं. मेन पाडला नसता तर चारच लागली असती."

"काका!" वंदनाचा आवाज फाटला. "ही काय थट्टा झाली?"

"थट्टा नाय, ताई. मॉक ड्रिल. सांगून केली तर ती ड्रिल नसते."

"आमचा जीव जायची वेळ आली. खाली शेख भाभींच्या सासूबाई थंडीत उभ्या आहेत!"

"त्या पण आल्या?" गायधनींनी विचारले. रजिस्टरमध्ये काहीतरी लिहिले. 'रिलिव्हर हजर' असे होते, ते मला उलटे वाचता आले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. 

"घाबरलात, संपादक?"

"हो."

"किती?"

आकडा माझ्याकडे नव्हता. वंदना मेन लावायला खाली निघून गेली.

गायधनी उठले. खरोखरच त्यांना उठायला वेळ लागतो. जवळ येऊन त्यांनी सवयीप्रमाणे आधी उलटा हात पुढे केला, बोटांची मागची बाजू माझ्या हाताला क्षणभर टेकवली. मग हात फिरवला. तळहात लागला आणि मूठ आवळली.

सात एकतीसला माझ्या खिशातला फोन वाजला. राउटर सुरू झाला होता. 'गीझर. संपर्क पूर्ववत.'

मूठ अजून सुटली नव्हती.