शेवंताबाईंचं एकात्मिक गणित

बाळांनो, एका जंगलात एक हायस्कूल होतं. तिथं गणित वाटून दिलेलं होतं. हरणांना भूमिती, माकडांना बीजगणित आणि रानडुकरांना संख्याशास्त्र. हरणं क्षेत्रफळ काढायची, पण त्याचं पुढं काय करायचं ते त्यांना ठाऊक नसे. माकडं 'क्ष' शोधून काढायची, पण तो कशाचा क्ष, हे कुणी सांगितलंच नव्हतं. रानडुकरं दिसेल ते मोजत सुटायची.

एकदा वाघ महाराज शेजारच्या जंगलातून एक नवा शब्द ऐकून आले. 'एकात्मिक'. शब्द त्यांना भलताच आवडला.

"आपल्याकडंही एकात्मिक गणित हवं," ते म्हणाले. "सगळ्यांना एकच. आमच्या युवराजांनाही."

काम शेवंताबाईंच्या गळ्यात पडलं. शेवंताबाई म्हणजे शाळेतल्या सगळ्यांत नव्या शिक्षिका, एक चपळ शेकरू. त्यांनी जुन्या मास्तरांची सभा घेतली. कासव म्हणालं, आधी भूमिती. वानर म्हणालं, आधी बीजगणित. दोघं दुपारपर्यंत भांडले. बाईंनी दोघांनाही "बरोबर आहे" म्हटलं आणि मुलांना घेऊन त्या थेट रानात गेल्या.

"एकच प्रश्न घेऊ आणि सगळं गणित त्याला लावू," बाई म्हणाल्या. "बोला, कोणता घ्यायचा?"

"लांडग्यांचा!" भेकराची ठमी म्हणाली.

तिचं चुकलं नव्हतं. लांडग्यांपासून रक्षण करतो म्हणून महाराज दर अमावास्येला प्रत्येक कळपातलं एक जनावर जेवायला नेत. त्याला 'संरक्षण कर' असं नाव होतं.

मुलं कामाला लागली. महाराजांच्या गस्तीचा परिसर मोजला. तो गुहेपासून पाणवठ्यापर्यंतच भरला. मग समीकरणं मांडली. मग घरोघर जाऊन विचारलं, तुमचं कोण गेलं आणि कुणी नेलं? हरणं समीकरणं सोडवू लागली, डुकरं कोन मोजू लागली. युवराज छबूराव तर जेवायलाही घरी जाईनात. इतकी खूश मुलं बाईंनी कधी पाहिली नव्हती. त्या आनंदात उत्तर कुठं चाललंय, तिकडं त्यांचं लक्षच गेलं नाही.

मुलांच्या कामाचं शाळेत प्रदर्शन भरलं, त्या दिवशी ते गेलं. पण तोवर छबूरावांनी वडिलांना ओढत आलेखापाशी आणलं होतं.

"बाबा, हा मी काढला! हा बुटका खांब लांडग्यांनी खाल्लेल्यांचा."

"वा! आणि हा उंच?"

"हा तुमच्या संरक्षणाचा!"

एक डुक्कर फिसकन हसलं. बाईंची शेपटी ताठ झाली. संपलं, त्यांना वाटलं. महाराजांनी बाईंकडं पाहिलं. मग छाती फुगवून उभ्या असलेल्या आपल्या लेकाकडं पाहिलं.

"फारच सुंदर!" ते घसा खाकरून म्हणाले. "पण कोवळ्या जिवांवर भार फार पडतोय."

दुसऱ्याच दिवशी गणित पुन्हा वाटून दिलं गेलं. बाईंना शाल आणि 'गणितभूषण' पदवी मिळाली. वर्गावर नजर ठेवायला एक कोल्हा तपासनीस आला. पालकांनी महाराजांचे आभार मानले. "बरं झालं," ते म्हणाले, "पोरं घरी येऊन फार प्रश्न विचारत होती."

बाई जांभळीच्या ढोलीत बसून पोटभर रडल्या. मग डोळे पुसून त्यांनी नवं वेळापत्रक वाचलं. वाचता वाचता त्यांना हसू फुटलं. गणिताच्या प्रत्येक तासाला तपासनीस येणार होते. चित्रकलेच्या तासाला कोणीच येणार नव्हतं.

"बाई, आज काय काढायचं?" ठमीनं विचारलं.

"पाणवठा," बाई म्हणाल्या. "पण अगदी मापात हं. आणि कोण किती पाणी पितं, तेही चित्रात दिसलं पाहिजे."

छबूराव पहिल्या रांगेत जाऊन बसले.

तात्पर्य: बाळांनो, गणित सगळ्यांना आणि सगळंच्या सगळं शिकवावं. फक्त ते गणिताच्या तासाला शिकवू नये.