जागा भरण्यापुरतं

नव्या अंकाचं सातवं पान उघडलं आणि संपादक मटकन खुर्चीत बसले.

शहरातल्या कलांवर कुणाचंही मिंधं न होता लिहिणारं त्यांचं हे नियतकालिक. सुरुवातीला झेरॉक्सची दोन पानं, तीही नाट्यगृहाच्या दारात फुकट वाटलेली. मग कृष्णधवल आठ पानं. आणि आज पहिला रंगीत, गुळगुळीत अंक! कार्यालय तेवढं अजून जेवणाच्या टेबलावरच होतं. मलपृष्ठावर चित्रदालनाची जाहिरात होती. ती गेली की पुन्हा झेरॉक्स, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आणि त्याच दालनातल्या प्रदर्शनावर, संपादकांच्या नावाखाली, सातव्या पानावर छापलं होतं :

"दालनात खुर्ची एकच, तिच्यावर पहारेकरी. बरीचशी चित्रं मला कळली नाहीत. खिडकीतल्या बाईसमोर मात्र पाय निघेना. भांडण नुकतंच संपवून ती आता दूध तापवायला उठेल, असं वाटतं. तिच्या डाव्या हाताला अंगठा काढायचा राहिलाय."

"हे... हे काय आहे?" संपादकांनी पानावर बोट ठेवलं.

अंकाची मांडणी करणारा त्यांचा मेहुणा डोकं खाजवत म्हणाला, "भावोजी, तुमचा लेख नेहमीसारखा उशिरा. तोवर पान कसं दिसतंय ते बघायला मी जागा भरण्यापुरता काहीतरी मजकूर टाकतो. या वेळी ताईला म्हटलं, तू प्रदर्शन बघून आलीयस, दे खरडून."

"आणि माझा लेख?"

"बदलायचा राहून गेला."

"अरे, पण प्रुफं कोणी तपासली?"

"तुम्हीच की!"

संपादकांनी अंक मिटला. प्रुफात त्यांनी आपलं नाव ठळक आलंय ना, तेवढंच पाहिलं होतं.

बायको हात पुसत दारात आली. "अगंबाई, छापलं? अहो, आधी सांगायचं तरी! जरा नीट लिहिलं असतं."

तेवढ्यात बेल वाजली. बाहेर साक्षात चित्रकार, हातात अंकाची सुरळी! संपादकांनी घाईघाईने खुर्ची पुढे केली. मेहुण्याने हळूच टेबलाची पलीकडची बाजू गाठली.

"अंगठा," चित्रकार बसण्याआधीच म्हणाले. "अहो, उद्घाटनाला एवढी जाणती मंडळी आली, कुणालाच दिसला नाही. मलासुद्धा नाही! आज सकाळी जाऊन बघितलं, तर खरंच नाही."

"म्हणजे... तुम्ही रागावला नाहीत?"

"रागावू कशाला? माझं चित्र कुणीतरी बघितलं की हो! दालनाच्या मालकीणबाई तर खुर्च्या आणायला धावल्या. म्हणाल्या, जाहिरात वर्षभर राहू दे."

संपादकांचा चेहरा उजळला. मान आपोआप विनयाने झुकली, "छे, छे, त्यात काय एवढं" हे ओठांवरही आलं. पण बायको दारातच उभी होती, आणि तिची नजर त्यांना चांगलीच ठाऊक होती.

"खरं सांगू?" ते कसेबसे म्हणाले. "ते मी लिहिलेलं नाही."

"ते तर पहिल्या ओळीलाच ओळखलं," चित्रकार शांतपणे म्हणाले. "सगळं कळत होतं ना! म्हणून तर आलोय. ज्यांनी लिहिलं, ते कुठे भेटतील?"