गुरुजींनी सोसलेले लाडू

सावळाराम गुरुजींच्या ताटात पुन्हा एकदा उकडलेला चाकवत आला, तेव्हा त्यांची नजर आपोआप चुलीकडे गेली. चुलीवर कढई नव्हती.

"आज फोडणी दिली नाही का?" त्यांनी जपून विचारलं.

"दिली असती की," द्वारकाबाई म्हणाल्या. "पर तेलाचा डबा रतनीनं कुलपात घातलाय. मागावं तर माज्यावरच डोळं वटारती."

चौदा वर्षांची रतन उंबऱ्यात उभी होती. किल्ली कमरेला होती. "गुरुजींनीच सांगितलंय, आये. तेलकट खाल्लं की पोट बिगडतं. व्हय का न्हाय, गुरुजी?"

"होय," गुरुजी म्हणाले आणि त्यांनी घास गिळला.

गुरुजी शेळगावच्या शाळेत सातवीला शिकवत. बायकोमुलं सासवडला होती, त्यामुळे त्यांचं दोन वेळचं जेवण द्वारकाबाईंकडे असे. द्वारकाबाईंचे यजमान भवानीनगरच्या कारखान्यावर कामाला होते, ते फक्त सुटीला घरी येत. द्वारकाबाईंच्या हाताला चव होती आणि गुरुजींना खाण्याची आवड होती. सगळं सुरळीत चाललं होतं. मग गुरुजी पुण्याला आहाराच्या शिबिराला जाऊन आले.

शिबिरात ऐकलेलं त्यांनी वर्गात मन लावून शिकवलं. त्यांच्या वर्गातली पोरं तेरा-चौदा वर्षांची, ऐन वाढीची. सकाळी नुसता चहा पिऊन शाळेत येणारी, दुपारी भाकरीवर तिखटाची चिमूट घेणारी. शेतात भाजीचे वाफेच्या वाफे असत, पण ती भाजी थेट बाजारात जायची. गुरुजींनी त्यांना पालेभाजी, मोडाची मटकी, ताक, पेरू यांचं महत्त्व पटवलं. इथं थांबले असते तर बरं झालं असतं. पण पोरं डोळे विस्फारून ऐकतायत म्हटल्यावर त्यांची जीभ सुटली. "गोड म्हणाल तर अर्धा घास. त्यापलीकडे गोड म्हणजे विष! आणि हे नुसतं पाठ करू नका. घरच्यांना सुधारा."

बाकीच्यांनी ते पाठ केलं. रतननं घरच्यांना सुधारायला घेतलं आणि पाहता पाहता तिनं सगळा वर्गच कामाला लावला. गावात कुणाच्या घरातला गूळ माळ्यावर गेला, कुणाच्या आजोबांचा चहा बंद झाला. गुरुजी मात्र रोज चाकवत खात आणि "छान झालाय" म्हणत. दुसरं काय म्हणणार?

अशात रतनचा चुलता गेणबा आपल्या मुलीच्या लग्नाचं आवतण घेऊन आला. "गुरुजी, पंगतीला वाढायला तुमची पोरं पायजेत. ती शिस्तीची हायती. आन् कोठीवर आमच्या रतनीला बसवतो. पोरगी हुशार हाय."

गुरुजींनी आनंदानं मान डोलावली. गेणबाच्या दारात आचाऱ्यानं बुंदी पाडायला घेतली होती आणि तिचा वास शाळेपर्यंत येत होता. त्या दिवशी भागाकार शिकवताना गुरुजी दोनदा चुकले.

लग्न लागलं. पहिली पंगत वऱ्हाडाची, लोणी भापकरच्या पाहुण्यांची बसली. पोरांनी पत्रावळीवर भाजीचे ढीग घातले, मटकीची उसळ आग्रहानं वाढली, काकडीची कोशिंबीर तर दोन-दोनदा फिरवली. शेवटी लाडवांची परात आली. प्रत्येकाच्या पानात अर्धा लाडू पडला.

वरबाप मानसिंगराव मिशीवरून हात फिरवून म्हणाले, "आरं पोरा, लाडू वाढ की."

"वाढलाय की, आबा."

"ह्यो? ह्यो अर्धाच हाय!"

"तेवढाच खायाचा असतो, आबा. त्याच्या म्होरं इख असतं."

मानसिंगरावांचा हात पानावरच थबकला. शेजारच्यानं फक्त शेवटचे शब्द ऐकले आणि त्याच्या शेजाऱ्याला सांगितले. पंगतीच्या टोकाला पोचेपर्यंत "लाडवात इख हाय" एवढंच उरलं. बायकांनी लेकरांच्या तोंडातून लाडू काढले. एका म्हाताऱ्याच्या पोटात लगेच कळ आली. वऱ्हाड भरल्या पानावरून उठलं. कुणी बैलं जुंपा म्हणून ओरडलं. आत नवरी रडायला लागली आणि गेणबा पागोटं काढून मानसिंगरावांच्या पायाशी बसला.

"कुनी सांगितलं तुमास्नी ह्ये?" मानसिंगराव पोरांवर गरजले.

पोरांनी अभिमानानं बोट दाखवलं. "गुरुजींनी!"

गुरुजी दुसऱ्या पंगतीसाठी हात धुऊन उभे होते. "तसं नाही, आबा," ते चाचरले. "शास्त्राच्या दृष्टीनं पाहिलं तर गोड पदार्थ अधिक प्रमाणात..."

"शास्त्र ऱ्हाऊ द्या. इख न्हाय ना? मग बसा हितं आन् आमच्या म्होरं खाऊन दावा."

गुरुजी मांडी घालून बसले. समोर परात आली. पहिला लाडू त्यांनी खाली मान घालून खाल्ला.

"एकानं काय कळतंय?" मानसिंगराव म्हणाले.

दुसरा खाल्ला. तूप ताजं होतं, वेलदोडा सढळ हातानं घातला होता आणि इतक्या दिवसांच्या चाकवतानंतर तो लाडू जिभेवर नुसता विरघळला. तिसरा खाताना मानसिंगरावांच्या कपाळावरची आठी गेली. ते हसले, बसले आणि त्यांनीही लाडू उचलला. त्यांच्यामागं सगळं वऱ्हाड पुन्हा पानावर आलं. बैल सोडले, गेणबानं पागोटं चढवलं, पोटात कळ आलेल्या म्हाताऱ्यानं दोन लाडू मागून घेतले.

आता कुणीच गुरुजींकडे बघत नव्हतं. गुरुजी मात्र खातच होते.

बऱ्याच वेळानं त्यांनी वर पाहिलं. वाढपाची भांडी हातात घेऊन त्यांचा सगळा वर्ग समोर उभा होता. कोठीच्या दारात रतन होती. गुरुजींच्या कानाच्या पाळ्या तापल्या. मिशीला बुंदीचे कण, हातात आणखी एक लाडू. तो परत ठेवावा, तर आधीचे का खाल्ले, या प्रश्नाला उत्तर नव्हतं. शेवटी तोही त्यांनी खाल्ला. त्याला मात्र काही चव लागली नाही.

दुसऱ्या दिवशी ते मळ्यांच्या बांधावरून लांबच्या वाटेनं शाळेत गेले. बदलीचा अर्ज करावा, असंही एकदा मनात आलं. पोरांना आता कुठल्या तोंडानं शिकवायचं? निदान खरं सांगून टाकावं, असं ठरवून ते वर्गात शिरले.

कुणी हसलं नाही. रतन पुढं आली. तिचे डोळे सुजले होते.

"गुरुजी, आमचं चुकलं. आमी भलतंच बोलून बसलो. आन् लगीन मोडू नये म्हनून तुमी जिवावर उदार होऊन येवढं खाल्लंसा!"

गुरुजींना आधी कळेचना. कळलं तेव्हा कालच्यापेक्षा जास्त लाज वाटली.

"नाही, रतन. ऐका सगळे," ते म्हणाले. "मला लाडू आवडतात. मी ते आवडीनं खाल्ले. शेवटचे तर मला कुणी खा म्हणालंही नव्हतं."

मागून कुणाचा तरी हुंदका ऐकू आला.

"बगा," रतन वर्गाकडे वळून म्हणाली, "अजूनबी आमाला बोल लागू देत न्हाईत."

मग तिनं दाराआडून पितळी तांब्या आणला. "कारल्याचा रस हाय. पोटातलं समदं निघून जाईल. आन् आठ दिस फकस्त मुगाचं कढान. आयेला सांगून ठेवलंय."

गुरुजींनी एकेका चेहऱ्याकडे पाहिलं. एवढ्या आदरानं त्यांच्याकडे आजवर कुणीच पाहिलं नव्हतं. त्यांनी डोळे मिटून तांब्या तोंडाला लावला, आणि सगळा वर्ग उठून उभा राहिला.