तात्यांच्या खुर्चीचा चौथा पाय

मला बघायला आलेले पाहुणे खुर्चीवर टेकले आणि खुर्ची छुमछुम वाजली.

पाहुण्यांनी, म्हणजे माझ्या होणाऱ्या सासऱ्यांनी, अंग सावरलं. पुन्हा छुमछुम. आईचा चेहरा उतरला. कळस गावचं बागायतदार घर, मोठ्या मुश्किलीनं जुळत आलेलं स्थळ. तेवढ्यात कोपऱ्यातून आमचे तात्या म्हणाले, "हळू बसा पाव्हणं. खाली घुंगरं हायती."

"कसली घुंगरं?"

"झुलीची. बैल इकला, पर झूल चांगली हाय. टाकायची कशाला? बसवली खुर्चीला."

तात्या म्हणजे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. आमच्या गावात, कन्हेरीत, आमच्या भिंतीला भिंत लावून राहायचे, एकटेच. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. जुनं सामान दिसलं की त्यांचे हात शिवशिवायचे. बेंदराच्या सणाला बैलांची शिंगं रंगवून जो लाल हिंगूळ उरायचा, तो गावातल्या खुर्च्या, पाट, पाळण्यांवर चढायचा. वर कापड कुठलंही. कुणाचा जुना पटका, कुणाचं फाटकं लुगडं. रंगकामातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. त्यांच्या पाटावर जेवायला बसलेला माणूस मागून लाल होऊनच उठायचा. "चार दिसांत वाळतंय," म्हणायचे. वाळायचं नाही.

आणि एक खोड. खुर्ची कुणाचीही असो, पाय तीनच रंगवायचे. चौथा कोरा. "तात्या, एक ऱ्हायला की," म्हटलं तर डबा उचलून निघायचे. "येतो पुन्यांदा." गाव म्हणायचं, आळशी म्हातारा.

तर पाहुणे विचारायला लागले. "नाव काय पोरी?" छुम. "शिकलीस किती?" छुमछुम. "चौथी," मी म्हणाले आणि मला फिस्सकन हसू आलं. बघायला आलेल्यांपुढं हसणारी मुलगी तेव्हा कुणाला चालत नव्हती. आईनं मागून असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं.

पाहुणे एकदा मुद्दाम हलले. छुमछुम. मग तेही हसले. "आमच्या घरात समदी तोंड पाडून बसत्यात. पोर पसंत हाय. पर संगं ही खुर्ची बी पायजे."

"एक पाय ऱ्हायलाय तिचा," तात्या लगेच म्हणाले. "तिकडं यिऊन लावतो."

लग्नानंतर तात्या अधूनमधून एस.टी.नं कळसला यायचे, हातात रंगाचा डबा. रंगवलेलेच तीन पाय पुन्हा रंगवायचे, चहा प्यायचे, "शांते, वाळलीस गं," म्हणायचे. मी चांगली जाड झाले होते. मग चौथा पाय तसाच ठेवून उठायचे.

"रंग संपला."

"तात्या, डबा भरल्याला हाय की."

"त्यो दुसऱ्या कामाचा. येतो पुन्यांदा."

एकदा सासऱ्यांनीच चौथा पाय रंगवून टाकला. चांगल्या मनानं. "म्हाताऱ्याला किती हेलपाटं घालायला लावायचं?" पुढच्या खेपेला तात्या आले आणि खुर्चीकडं बघत उभे राहिले. चारी पाय लाल. डबा खाली ठेवला नाही. चहा नको म्हणाले.

"झालं मग माजं काम," म्हणून वहाणा शोधायला लागले.

मला रडणं जमत नाही. मी खुरपं आणलं आणि त्यांच्यासमोर फतकल मारून तो पाय खरवडून काढला, पार लाकूड दिसेपर्यंत.

"याड लागलं का काय सूनबाई?" सासरे ओरडले.

"तात्या, ह्या पायाचा रंग निघालाय बघा."

तात्या वाकले. लाकडावरून बोट फिरवलं.

"व्हय की. कुणी लावला हुता?"

"मामंजींनी."

"तरीच." डबा खाली ठेवला. "टाक च्या. आज न्हाय जमायचं ह्ये. येतो पुन्यांदा."

मरेपर्यंत येत राहिले. तात्या गेले, मामंजीही गेले. झूल विरली, घुंगरू एकच उरलंय. चौथा पाय कोरा आहे. आता त्या खुर्चीवर मी बसते.