हिवराळेताईंचा बर्फ

मे महिन्यात, भर दुपारी, बजाजनगरात लोकरीची माकडटोपी घालून फिरणारी एकच बाई मी पाहिली आहे. रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं, कुत्री उभ्या टेम्पोच्या सावलीला जाऊन पडली होती आणि हिवराळेताई अंगात स्वेटर, पाठीवर ज्वारीनं भरलेली सॅक अशा थाटात समोरून येत होत्या.

"ताई, बरं वाटत नाही का?" मी विचारलं.

"चांगलं वाटतंय की. टोपीची सवय व्हाया पाह्यजे डोक्याला. तिथं गेल्यावर खाजवत बसायला कुणाला टाइम हाय?"

'तिथं' म्हणजे हिमालयात. आणि जायचं होतं जानेवारीत.

हिवराळेताई आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. वाळूजच्या एका कंपनीत, पॅकिंगमध्ये, त्यांनी सगळी नोकरी काढली. हेल्पर म्हणून लागल्या आणि सुपरवायझर होऊन रिटायर झाल्या. मी त्याच कंपनीच्या ऑफिसात आहे, त्यामुळे त्यांचा दरारा मी जवळून पाहिलेला. खोक्यावर चिकटपट्टी तिरकी लागली की त्या नुसत्या शेजारी येऊन उभ्या राहायच्या. बोलायच्या काही नाहीत. पट्टी आपोआप निघायची आणि सरळ लागायची.

लग्न त्यांनी केलं नाही. दोन धाकट्या भावांना शिकवलं. एक पुण्यात असतो, दुसरा परदेशात. भाऊ येतात की नाही असं कुणी विचारलं तर "कामं असत्यात त्यांना" एवढं बोलून त्या दुसरा विषय काढतात.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे: "हे काय लई नाय." ऊन तापलं, पाणी चार दिवसांनी आलं, डबल शिफ्ट करावी लागली, सगळ्याला हेच. दाढ काढताना डॉक्टरनं "दुखतंय का?" म्हणून विचारलं, तर तोंडात बोळा असतानाही त्या हेच म्हणाल्या. बोळा डॉक्टरच्या बुटावर पडला.

रविवारी आम्हाला डोंगर चढायची सवय त्यांनीच लावली. दौलताबादचा किल्ला झाला, वेरूळच्या मागचे डोंगर झाले, म्हैसमाळ झालं. मग एकदा चहा पिता पिता त्या म्हणाल्या, "आता बर्फ." जसं काही पुढच्या चौकातच होता.

तयारी उन्हाळ्यापासून सुरू झाली. कोपऱ्यावरच्या रसवंतीत बर्फाची लादी यायची. ताई संध्याकाळी तिथं जायच्या, गोणपाट बाजूला सारायच्या आणि मोजे काढून लादीचा एक तुकडा पायाखाली घ्यायच्या. रस प्यायला आलेली माणसं ग्लास हातात धरून बघत राहायची. रसवंतीवाल्यानं पहिल्या दिवशी कुरकुर केली, पण त्या उभ्या असल्या की गिऱ्हाईक वाढतं हे ध्यानात आल्यावर तोच त्यांना खुर्ची द्यायला लागला. त्या बसल्या नाहीत.

जाणारे आम्ही तिघं. ताई, मी आणि आमच्या कंपनीचे जुने स्टोअरकीपर शेखभाई. शेखभाईंना बर्फाची काही हौस नव्हती. "क्या करते," ते मला म्हणाले, "बाई बोले तो जाना पडता."

दिल्लीची रेल्वे, तिथून डेहराडून, मग जीपनं डोंगरातलं एक गाव. शनिवारी सकाळी गाइड भेटला. उंच, सडपातळ पहाडी माणूस. त्यानं ताईंकडं एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि अदबीनं म्हणाला, "मांजी, आप ऊपर तक जाएँगी?"

"मांजी नाय. सुपरवायझर," ताई म्हणाल्या. "और मैं जाएगी. जाए बगैर वापस नहीं आएगी."

त्या दिवसापासून तो त्यांना 'सुपरवायझर मॅडम' म्हणू लागला, आणि खरं सांगते, मलाच उगाच छाती फुगल्यासारखं झालं.

दुपारनंतर झाडांच्या सावलीत पहिला बर्फ दिसला. शेखभाईंनी "या अल्ला" म्हणून हात खिशात घातले. मी ताईंकडं पाहत होते. आता त्यांचं वाक्य येणार. पण त्या वाकल्या, मूठभर बर्फ उचलला, बोटांनी चुरून पाहिला आणि म्हणाल्या, "रव्यासारखा हाय गं." एवढंच. पण त्यांनी तो लगेच टाकला नाही. तंबूपर्यंत मूठ मिटूनच चालल्या. वितळलेलं पाणी मनगटावरून स्वेटरच्या बाहीत जात होतं.

तंबूपाशी त्यांनी गाइडच्या स्टोव्हचा ताबा घेतला. येसर त्यांनी घरूनच करून आणला होता. धान्य आणि मसाले भाजून दळलेलं आमच्याकडचं पीठ. त्याची झणझणीत आमटी केली. पहिल्या घोटाला गाइडच्या डोळ्यांत पाणी आलं. "सुपरवायझर मॅडम, इसमें आग है," तो म्हणाला. दुसऱ्यांदा वाडगा त्यानंच पुढं केला.

सकाळी ऊन वर आल्यावर आम्ही शिखराकडं निघालो. बुटांना लोखंडी दाते बांधले होते. शेवटच्या चढाआधी एक आडवी वाट लागली. उजवीकडं डोंगर, डावीकडं सरळ खाली जाणारा उतार, आणि वाटेवरचा बर्फ काचेसारखा घट्ट. मधोमध गेल्यावर शेखभाई थांबले. पाय हलेना. चेहरा पांढरा पडला होता.

"मैं नहीं आता बाई," ते म्हणाले. "तुम लोगां जाओ."

गाइडनं समजावलं, हात पुढं केला. शेखभाईंनी डोंगराकडच्या खडकाला दोन्ही हातांनी धरलं आणि डोळे मिटले. गाइड मला हळूच म्हणाला की असं असेल तर सगळ्यांनाच परत फिरावं लागेल. इथं कुणाला एकटं ठेवता येणार नाही. मी ताईंकडं पाहिलं. शिखर समोर दिसत होतं.

ताई पुढं होत्या. त्या टाचेनं बर्फ ठोकत मागं आल्या आणि शेखभाईंपासून हातभर अंतरावर उभ्या राहिल्या. धीर देतील असं मला वाटलं.

"शेखभाई," त्या म्हणाल्या, "माझ्या लाइनला हातमोजे का दिले नव्हते तुम्ही?"

शेखभाईंनी डोळे उघडले. "कब?"

"नवी शेड झाली तवा. खोक्यांनी पोरींचे हात कापत होते. तुम्ही म्हणले, स्टॉक नाय."

"झूट. मैं खुद लाके दिया."

"मला तर नाय मिळाले," असं म्हणून ताई वळल्या आणि चालू लागल्या.

आता उत्तर द्यायचं तर मागून जाणं भाग होतं. शेखभाईंनी खडक सोडला. "अरे सुनो तो. दो बार दिया मैं. पूरे स्टोअर को पूछो."

"स्टोअरला काय विचारायचं? स्टोअर म्हंजे तुम्हीच."

"देखो बाई, ईमान की बात करो."

ताई प्रत्येक पावलाला टाच मारून बर्फात खाच पाडत होत्या, आणि शेखभाई रागारागानं नेमकं त्याच खाचेत पाय टाकत होते. त्यांची नजर ताईंच्या पाठीवरून हलत नव्हती. उतार डावीकडं तसाच होता, पण तो बघायला त्यांना सवड नव्हती. मागून गाइडनं मला विचारलं, "ये दोनों लड क्यों रहे हैं?"

"चलने के लिए," मी म्हणाले.

वाट संपली. रुंद जागा आली. शेखभाईंनी मागं वळून पाहिलं आणि मटकन खाली बसले. मग म्हणाले, "बाई, वो हातमोजे…"

"दिले होते की. मीच वाटले होते पोरींना," ताई म्हणाल्या आणि त्यांच्या हातात गुळाचा खडा ठेवला.

वर पोचलो तेव्हा समोर पांढऱ्या शिखरांची लांबच लांब ओळ होती. ताई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. गाइडनं टोपी काढून त्यांना सलाम ठोकला. खालून येणाऱ्या दुसऱ्या एका घोळक्यानंही उगाच टाळ्या वाजवल्या. ताईंनी मान ताठ ठेवून सगळ्यांचा सलाम घेतला, अगदी हक्कानं.

वर मोबाइलला रेंज होती. शेखभाईंनी लगेच घरी व्हिडिओ कॉल लावला आणि नातवंडांना बर्फ दाखवत ओरडून बोलू लागले. मीही घरी फोन केला. मुलगी म्हणाली, "आई, बर्फ खाऊन दाखव." गाइडसुद्धा एका खडकावर बसून गावाकडं कुणाशी तरी हसून बोलत होता.

ताई थोड्या लांब गेल्या होत्या, आमच्याकडं पाठ करून. त्यांच्याही कानाला फोन होता. मला बरं वाटलं. पुण्याच्या भावाला लावला असेल.

मी फोन ठेवला आणि तो लगेच वाजला. नाव पाहिलं. हिवराळेताई.

मी उचलला.

"पोचले बरं का मी," त्या म्हणाल्या. पाठ तशीच वळलेली. "सुखरूप हाय. म्हटलं सांगावं."

मीही दुसरीकडं तोंड केलं. "बरं झालं ताई, फोन केलात," मी म्हणाले. "वाटच बघत होते. कसं आहे वर?"

त्या सांगू लागल्या. कुठलं शिखर कुठं आहे, वारा कसा लागतोय, ऊन कसं डोळ्यांत जातंय, सगळं सांगत होत्या. मी हूं हूं करत ऐकत राहिले.